रोज पाणी येणारं गाव

ते नेहमी पालथ्या बादलीवर बसायचे. खुर्ची दिली तरी नाही, ओटा रिकामा असला तरी नाही. बादली हिरव्या प्लॅस्टिकची, कडेला तडा गेलेली आणि तो तडा तांब्याच्या तारेने शिवलेला. पाण्याच्या दिवशी गल्लीभर सगळ्यांच्या बादल्या सुलट्या मांडलेल्या असत आणि त्यांची एकट्याची पालथी. एखादा नवखा विचारायचा, की मामा, तुम्हाला पाणी नको का. ते म्हणायचे, "सुटल्यावर सुलटी करतो की. तवर तिला काय काम हाय?"

आमची गल्ली अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागच्या अंगाला आहे. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, आणि येईल त्या दिवसाला आम्ही पाण्याचा दिवस म्हणतो. त्या दिवशी लग्नाला जायचं असलं तरी घरातलं एक माणूस मागे राहतं. आमच्या भागाची पाळी बहुधा दुपारची. चार वाजता सुटणार म्हणतात, सुटतं साडेपाचला. तोवर सगळे घागरी, बॅरल, पाइप घेऊन दारात उभे. त्या मधल्या वेळात ते गोष्ट सांगायचे.

मी टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब बघतो. दोन बाजू जुळवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे वाढवून सांगायची मला सवय नाही. तरी सांगतो, की ज्याच्यापुढे आपोआप गप्प व्हावंसं वाटलं असा माणूस मी एकच पाहिला, आणि तो आमच्या गल्लीत दहा बाय दहाच्या खोलीत भाड्याने राहत होता.

कामाला असताना ते जकार्डची कार्डं पाडायचे. चादरीवर मोर कसा येतो हे चादर पांघरणाऱ्याला माहीत नसतं. मागावर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची एक माळ फिरते. पट्टीला जिथे भोक, तिथला धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथला खाली राहतो. ती भोकं पाडायचं काम त्यांचं. डोळे अधू झाल्यावर त्यांनी ते सोडलं, पण त्याबद्दल बोलणं सोडलं नाही. "हजारभर धागे खाली-वर होतात, आन मोर होतो," ते म्हणायचे. "एकालाबी ठाऊक न्हाय की आपण मोर हाय म्हणून. त्याला वाटतं, आज मला वर जावंसं वाटलं."

असं सांगतात की प्रत्येक नक्षीत ते एक भोक मुद्दाम जादा पाडत. मालकाला कळलं म्हणून काम सुटलं, असं काही जण म्हणत. मालकाला शेवटपर्यंत कळलंच नाही, असं ते स्वतः म्हणत. ऐकीव गोष्टीवर मी विश्वास ठेवत नाही. ते ज्या कारखान्यात होते तिथली एक चादर आमच्या घरी होती, ती मी गच्चीवर नेऊन उन्हात धरली. मोराच्या पायाशी, जिथे काहीच असायला नको, तिथे एक धागा वर आलेला होता. बायको म्हणाली, फॉल्ट असेल. मी शेजारून त्याच नक्षीची दुसरी चादर मागून आणली. तिच्यातही तिथेच.

त्यांचं नाव कोणालाच माहीत नव्हतं. सगळे मामा म्हणत. विचारलं तर म्हणायचे, "नाव सारखं वापरलं की झिजतं, अकौंटंट. ठेवून द्यावं. एखाद्या दिवशी लागतं." कोपऱ्यावरच्या खांबावर कॅमेरा बसला, तेव्हापासून रोज सकाळी दूध आणायला जाताना ते त्याच्याकडे बघून नमस्कार करत. गल्लीतली पद्माक्का हसून म्हणाली, मामा, तो देव आहे होय. ते म्हणाले, "न्हाय गं. तो दिवसभर सगळ्यांना बघतोय. त्याच्याकडं बी कुणीतरी बघावं की."

खोलीत एक पलंग, एक स्टोव्ह आणि भिंतीला लावून रचलेली पुस्तकं. सगळी रद्दीच्या दुकानातून किलोवर घेतलेली. मराठी, हिंदी, तेलुगू. त्यांची मातृभाषा तेलुगू, पण वाचताना त्यांना कुठलीच भाषा आड येत नसे. आणि ही सगळी पुस्तकं जवळजवळ एकाच जातीची होती. पुढे कधीतरी येणाऱ्या काळात एक गाव, एक राज्य, आणि तिथे माणसांचं काय होतं त्याच्या गोष्टी. प्रेमाची, खुनाची, देवाधर्माची पुस्तकं ते हातात घेऊन परत ठेवत. रद्दीतली असल्यामुळे बऱ्याच पुस्तकांची शेवटची पानं गेलेली असत. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. "शेवट सगळ्यांचा सारखाच असतो," ते म्हणायचे, पण तो काय ते सांगत नसत.

अशी गोष्ट रचायला चार वस्तू लागतात, असं त्यांचं म्हणणं होतं. एक भिंत, एक डोळा, एक यादी आणि एक गोड बोलणारा माणूस. मी एकदा विचारलं, की दुष्ट माणूस लागत नाही का. "अजिबात न्हाय," ते म्हणाले. "दुष्ट माणूस आला की ती साधी गोष्ट झाली. त्याला मारलं की संपली. ह्या गोष्टीत सगळे चांगलेच असतात. सगळ्यांचं भलंच करायचं असतं."

त्यांनी पहिल्यांदा गल्लीत गोष्ट सांगायला घेतली तो दिवस मला चांगला आठवतो. उन्हाळा होता, पाणी लांबलं होतं, आणि बायकांची दारापुढच्या जागेवरून भांडणं चालू होती. ते बादली पालथी घालून बसले आणि म्हणाले, एक गाव होतं. त्या गावाभोवती इतकी उंच भिंत होती की आतल्यांना सूर्य अकरा वाजता दिसायचा. दर खांबावर डोळा. कुणाला नाव नव्हतं. ज्याच्या घरी जो नळ, त्या नळाचा आकडा हेच त्याचं नाव. ठरवून दिले होते तेवढेच शब्द बोलायचे, आजोबा कोण होते ते आठवायचं नाही. हे सगळं त्यांनी अशा आवाजात सांगितलं की भांडणं थांबली. मग सगळ्यात भयंकर गोष्ट शेवटी ठेवावी तसं ते हळू म्हणाले, "आन रोज सकाळी सहाच्या ठोक्याला त्या गावात नळाला पाणी यायचं. एक मिनिट हिकडं न्हाय की तिकडं न्हाय."



"रोज?" पद्माक्काने विचारलं.

"रोज."

"फोर्सनं?"

"फोर्सनं."

"मग लई बरंय की ते गाव," पद्माक्का म्हणाली. "भाडं किती हाय तितं?"

अख्खी गल्ली तिच्या बाजूने झाली. कुणी म्हणालं भिंत असली तर काय, धूळ येत नसेल. कुणी म्हणालं नळाच्या नंबराने हाक मारली तरी चालेल, पाणी येतंय ना. आमच्या समोरचे सत्तारभाई, रिक्षा चालवतात, ते म्हणाले, "मामा, अपना नंबर लगाव." मामा तोंड उघडं टाकून बसले होते. इतकी पुस्तकं वाचलेल्या माणसाचा त्या दिवशी आमच्यापुढे साफ पराभव झाला. तेवढ्यात पाणी सुटलं आणि सगळे पळाले.

पद्माक्काबद्दल इथे सांगायला हवं. ती विड्या वळते. नवरा गेलेला, घरात अंथरुणाला खिळलेली सासू. तिचं घर गल्लीच्या वरच्या टोकाला. गल्ली चढाची आहे, त्यामुळे खालच्या घरांना पाणी आधी आणि जोरात, वर जाईपर्यंत करंगळीएवढी धार. मामांची खोली अगदी खाली, व्हॉल्व्हपाशी. त्यांच्या नळाला पाणी सुटलं की घागर पालथी पडायची.

पुढच्या पाण्याच्या दिवशी ते बादलीवर बसले आणि पहिल्यांदा पद्माक्काला म्हणाले, "पद्मा, तू मला शिकवलंस. कुठल्या पुस्तकात मला हे उमगलं नव्हतं. मी भिंतीपासनं सुरू केलं. ते चुकलं. भिंत नंतर. आधी नळ." आणि मग त्यांनी ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली. ती पुढे काही वर्षं चालली.

त्यांची पद्धत अशी, की ते ऐकणाऱ्यांना विचारत, तुम्हाला त्या गावात काय पाहिजे. जे मागाल ते द्यायचे, एकदम पक्कं. बदल्यात अगदी बारीकसं काहीतरी घ्यायचे. सत्तारभाईंना खड्डे नसलेले रस्ते दिले. फक्त रिक्षा कुठे वळवायची ते रिक्षाच ठरवणार. शेंगाचटणीचा धंदा करणाऱ्या एका बाईंना रोज ठरलेलं गिऱ्हाईक दिलं. फक्त तिखट किती घालायचं ते वरून कळणार. पद्माक्काला रोज पाणी दिलंच होतं. वर सासूसाठी एक नर्स दिली. बदल्यात घरात तेलुगू बोलायचं नाही एवढंच. पद्माक्का म्हणाली, मग सासूला ओरडू कशी. सगळे हसले. पण हसून झाल्यावर ती बराच वेळ घागरीच्या काठावरून बोट फिरवत बसली होती.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, मला काही नको. ते बादलीवरच माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "अकौंटंट, त्या गावात सगळे हिशेब बरोबर असतात. एक पैसा कधी चुकत न्हाय."

मी म्हणालो, छान.

"फक्त तपासायचे न्हाईत."

भर उन्हाळ्याची दुपार होती. अंगावर काटा आला हे मी वाढवून सांगत नाही. घरी जाऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, त्यात काय, तुमचा त्रास वाचेल. तिला समजावून सांगता येईना म्हणून मी जेवायला बसलो. पण तो माणूस माझ्या आत कुठे जाऊन हात घालून आला हे मला नीट कळलं होतं.

सत्तारभाईंनी एकदा त्यांना टोमणा मारला, की मामा, सबको कुछ ना कुछ दिए, किस्सा सुनानेवाले को क्या. ते म्हणाले, "त्याला पगार. गोड बोलणारा लागतोच की त्या गावाला." यावर कोणी हसलं नाही, ते मात्र बराच वेळ हसत होते.

त्या गोष्टीला एक नायकही होता. त्या गावातला एक माणूस, त्याला एक दिवस नळाखाली हात धुताना आपलं जुनं नाव आठवतं. बस, एवढंच. मग तो ते नाव कुणाला न सांगता भिंतीकडे चालायला लागतो. पाणी सुटायच्या वेळेवर अवलंबून तो कधी दोन गल्ल्या चालायचा, कधी नुसता वळणावर उभा राहायचा.

मधे एकदा यादीचा भाग आला. त्या गावात प्रत्येकाने दर आठवड्याला एका शेजाऱ्याचं नाव द्यायचं, म्हणजे आकडा द्यायचा, असा नियम. कोण जास्त बोललं, कोण रडलं. ही गोष्ट मात्र गल्लीला आवडली नाही. पद्माक्का म्हणाली, "असं कसं मामा? ज्याला दुसऱ्याचं नाव सांगायचं हाय त्यानं आधी आपलं सांगावं की. चारचौघांत. मग दुसऱ्याचं."

मामा बादलीवरून उठले. ते गोष्ट सांगताना कधी उठत नसत. "असा नियम केला तर ते गावच पडंल," ते म्हणाले.

"पडू द्या की मग."

ते परत बसले, पण त्या दिवशी पुढे काही सांगितलं नाही.

आता मोटरीचं सांगतो. नळाला थेट मोटर लावून पाणी ओढणं हा गुन्हा आहे आणि ते सोलापुरात घरोघरी चालतं. आमच्या गल्लीत घरोघरी नव्हतं. गल्लीत एक टिल्लू मोटर होती आणि ती फिरायची. खालची घरं साधी भरून झाली की मोटर चढावरच्या पहिल्या घराला लागे, मग पुढच्या, अशी वर वर जात शेवटी पद्माक्काकडे. कोणाकडे किती वेळ राहायची ते मी घड्याळ लावून ठरवलं होतं, आणि त्यावरून भांडण होत नसे. मोटर मुळात कुणी आणली ते आता कुणाला आठवतही नव्हतं. बिघडली की मामांकडे जाई. ते तिचं सील बदलत, बेअरिंगला ग्रीस लावत, फडक्यात गुंडाळून ठेवत. आणि ती कधीच वापरत नसत. गरजच नव्हती. उन्हाळ्यात खालची घरंही कधीमधी ती लावत, त्यामुळे त्या मोटरीचं पाणी न घेतलेलं गल्लीतलं घर एकच, त्यांचं.

एका पाण्याच्या दिवशी, मोटर वरच्या टोकाला पद्माक्काच्या नळाला लागलेली असताना, गल्लीत एक तरुण आला. बरोबर पान्हे घेतलेली दोन माणसं. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. बोलायला फार चांगला. सगळ्या बायकांना ताई म्हणाला, सत्तारभाईंना काका म्हणाला. म्हणाला, नवी योजना आहे. जी गल्ली मोटरमुक्त होईल तिला एक दिवसाआड पाणी मिळेल. आम्हाला कुणाला त्रास द्यायचा नाही. मोटर कोणाची तेवढं नाव द्या, त्यांचा नळ बंद करतो, बाकी सगळी गल्ली सुखात.

सत्तारभाई माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "ये तो मामा के गाँव का आदमी दिखरा."

मला हसू आलं नाही. वरच्या घरातून मोटरीचा आवाज स्पष्ट येत होता. त्या तरुणालाही येत होता. तो वर चालत गेला, आम्ही सगळे त्याच्यामागे. मोटर पद्माक्काच्या दारात, पाइप तिच्या नळाला, पाणी तिच्या बॅरलमध्ये. आत सासू खोकत होती. पद्माक्का ओल्या हातांनी उभी.

"ताई, ही तुमची का?" त्याने विचारलं.

कोणीतरी म्हणालं, गल्लीची आहे. तो म्हणाला, बरोबर आहे, पण यात एका मोटरला एकच नाव बसतं. त्याने टॅब दाखवला. खरंच तिथे एकच चौकट होती. मग तो आमच्याकडे वळून समजुतीने म्हणाला, की नाव कुणी दिलं ते कुणाला कळणार नाही, गुप्त राहील. आणि अगदी हळू, जवळजवळ आपुलकीने म्हणाला, की आता मोटर यांच्या दारात आहे, दुसरं नाव नाही मिळालं तर मला यांचंच टाकावं लागेल.

पद्माक्काचा नळ बंद म्हणजे काय, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं. अंथरुणातल्या माणसाचं घर पाण्याशिवाय एक दिवस चालत नाही. आणि कुणीच बोलत नव्हतं. प्रत्येकाच्या घरी कुणीतरी म्हातारं, कुणीतरी तान्हं, कुणाचा तरी धंदा पाण्यावर. एक दिवसाआड पाणी हे शब्दही सगळ्यांच्या कानांत होते. मी त्या शांततेला नावं ठेवत नाही. मी तिच्यातच होतो.

मामा चढ चढून सगळ्यात शेवटी पोचले. बादली हातात होती. ती त्यांनी पद्माक्काच्या दारात पालथी घातली, बसले, दम घेतला आणि त्या तरुणाला विचारलं, "जो नाव देईल त्याचं नाव कुठं लिवत न्हाई?"

"नाही काका. पूर्ण गुप्त."

"म्हंजे पाच झाल्या," ते म्हणाले. "मी आजवर चारच म्हणत होतो." भिंत, डोळा, यादी, गोड बोलणारा माणूस, आणि आता ही गुप्तता. हे फक्त आम्हाला कळलं. मग ते म्हणाले, "आमच्या गल्लीचा एक नियम हाय. हिनं केलाय. आधी आपलं नाव सांगायचं, चारचौघांत. मग दुसऱ्याचं."

आणि त्यांनी आपलं नाव सांगितलं. पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. इतकी वर्षं शेजारी राहून ते आम्ही पहिल्यांदा ऐकलं. मी ते इथे लिहीत नाही. त्यांनी ते एकदाच वापरायला ठेवलं होतं.

"लिवा," ते म्हणाले. "मोटर माझी."

"आणि दुसरं नाव?"

"दुसरं मला ठाऊक न्हाय."

पद्माक्का पुढे झाली. "खोटं सांगतेत ते. माझ्या दारात हाय, माझं लिवा."

"पद्मा, गोष्ट मी सांगतोय," मामा म्हणाले. मधे कुणी तोंड घातलं की ते नेहमी हेच म्हणत, याच आवाजात. "तू पाणी भर."

तो तरुण गोंधळला. त्याने एकेकाकडे पाहिलं आणि त्याची नजर माझ्यावर थांबली. बहुधा माझ्या हातात घड्याळ होतं म्हणून. "काका, तुम्ही सांगा. मोटर यांचीच आहे का?"

मी खोटं बोलत नाही. तो मोठेपणा नाही, सवय आहे, धंद्याने लागलेली. मामा माझ्याकडे बघतही नव्हते. मी माझ्या पद्धतीने दोन्ही बाजू मांडल्या. म्हणालो, "वापर सगळ्यांचा आहे. माझ्यासकट. सांभाळ यांचा आहे. या गल्लीत यांच्याइतकी ती मोटर दुसऱ्या कुणाची नाही."

"मग यांचं टाकू?"

मामांनी होकाराची मान हलवली. मी म्हणालो, "टाका."

मोटर गेली. त्याच संध्याकाळी व्हॉल्व्हपाशी खणून मामांच्या नळाला बूच बसवलं. गल्लीत सगळ्यात जास्त पाणी येणारा नळ तो. खणत असताना ते त्या दोघा माणसांना टॉर्च धरून उजेड दाखवत होते आणि पाइप कुठून वळलाय ते सांगत होते. मला राहवलं नाही. मी विचारलं, भीती नाही वाटली? ते म्हणाले, "वाटली की. पण गंमत बघा, अकौंटंट. त्याच्या चौकटीत नाव बसलं, आन तरी ते माझंच राहिलं."

एक दिवसाआडचं पाणी अर्थातच कधी आलं नाही. चार-पाच दिवसांवरच राहिलं. पण गल्लीत एक फरक पडला. मोटर नसल्यामुळे वरच्या घरांना पाणी चढेना, तेव्हा खालच्यांनी आपल्या नळांवर घागरी भरून हातोहात वर द्यायला सुरुवात केली. वेळ मीच लावायचो. पहिली घागर पद्माक्काच्या सासूची. आणि मामांची बादली गल्लीभर फिरून यायची. प्रत्येक घर तिच्यात तांब्याभर ओतायचं. ते म्हणायचे, पूर्वी मी एकाच नळाचं पाणी पीत होतो, आता सगळ्या गल्लीची चव कळते. सगळ्यांची एकच टाकी, एकच पाइप, एकच पाणी. तरी ते एकेकाच्या पाण्याबद्दल काहीतरी वेगळं सांगत आणि आम्हाला ते खरं वाटे.

पुढे त्यांची खोली घरमालकाने विकायला काढली आणि त्यांचा पुतण्या त्यांना भिवंडीला न्यायला आला. तो नेमका पाण्याचा दिवस होता. पुस्तकं रद्दीत परत गेली होती. सगळे दारात उभे. सत्तारभाई म्हणाले, मामा, जाने से पहले किस्सा पूरा करो. उस आदमी का क्या हुआ?

ते बसले. म्हणाले, सगळ्या पुस्तकांत शेवट एकच असतो. तो माणूस भिंतीपाशी पोचतो आणि धरला जातो. त्याला मारत नाहीत. समजावतात. गोड बोलून, दिवसेंदिवस. शेवटी त्याला सगळं पटतं. तो आपलं नाव स्वतःहून परत देतो, घरी येतो, आणि सहाच्या ठोक्याला नळ सोडतो.

मग पद्माक्का म्हणाली, "हा न्हाय चालायचा."

"असाच असतो, पद्मा."

"पुस्तकात असंल. त्याला हिकडं पाठवा. आमच्या गल्लीत."

"हितं पाणी न्हाय."

"पाणी न्हाय," ती म्हणाली, "पण नावानं हाक मारू की."

मामा उठले. मग त्यांनी बादली उचलली. पाणी अजून सुटलं नव्हतं, पण त्यांनी ती सुलटी करून हातात धरली आणि रिक्षात बसले. पुढे वर्षभरात ते तिकडेच वारले, असं सत्तारभाईंना कळलं.

मामांच्या खोलीत गेल्या महिन्यात नवा भाडेकरू आला. नळ नव्या घरमालकाने मधे सुरू करून घेतला आहे, पण रस्ता खणल्यापासून तिथेही धार बारीक येते. पहिल्या पाण्याच्या दिवशी तो बिचारा दोन चकचकीत बादल्या घेऊन शेजारच्या नळापाशी लागलेल्या ओळीच्या शेवटी उभा राहिला. पुण्यात मोठ्या सोसायटीत राहत होता, नोकरी गेली म्हणून इकडे आला. बायकांनी चौकशी सुरू केली. तो सांगत होता, की तिथे गेटवर कॅमेरे, लिफ्टमध्ये कॅमेरे, पाहुणा आला तरी आधी मोबाइलवर परवानगी. सगळी शिस्त. कुणी कुणाला नावाने ओळखत नाही. मला सगळे सातशे दोन म्हणायचे, असं तो हसत म्हणाला.

सत्तारभाईंनी माझ्याकडे पाहिलं.

पद्माक्काने विचारलं, "आन पाणी?"

"पाणी रोज," तो म्हणाला. "चोवीस तास."

त्याच वेळी नळ खाकरला आणि पाणी सुटलं. पहिली घागर पद्माक्काच्या घरची, हा आमचा नियम आहे. तिची घागर नळाखाली लावलेली होती. तिने ती उचलून बाजूला ठेवली.

"नाव काय तुमचं?" तिने विचारलं.

"दिलीप."

"दिलीपभाऊ," ती म्हणाली, "आधी तुमी भरा."

तो म्हणाला, नाही नाही, नंबर तुमचा आहे, आणि त्याने आधाराला माझ्याकडे पाहिलं, कारण वेळ लावणारा मी आहे हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मी घड्याळ खिशात ठेवलं.